धरण बांधलं, पाणी कोण पोचवणार?

गोसीखुर्द धरणाचं भूमिपूजन २२ एप्रिल १९८८ रोजी पंतप्रधान राजीव गांधींच्या हस्ते झालं. मूळ अंदाज होता ३७२ कोटी रुपयांचा. २००९मध्ये केंद्राने त्याला राष्ट्रीय प्रकल्पाचा दर्जा दिला आणि पुढे सुधारित अंदाज अठरा हजार कोटींच्या वर गेला. भंडारा जिल्ह्यात पवनी तालुक्यात वैनगंगेवर भिंत उभी आहे, दरवाजे आहेत, जलाशयात पाणी आहे. भंडारा, नागपूर आणि चंद्रपूर या तीन जिल्ह्यांतली अडीच लाख हेक्टर जमीन भिजवायची होती. एक पिढी सरली तरी ती सगळी भिजलेली नाही. कुठे कालवा झाला तर वितरिका नाही, कुठे वितरिका झाली तर शेतापर्यंतची चारी नाही. गावं उठली, पण नव्या गावठाणांतल्या लोकांना साध्या साध्या सोयींसाठी वर्षानुवर्षं अर्ज करावे लागले. आणि ज्या जलाशयासाठी हे सगळं सोसलं, त्यात नागपूर शहराचं सांडपाणी नाग नदीतून कन्हानमध्ये आणि कन्हानमधून वैनगंगेत उतरून मिसळतं.

या प्रकल्पावरचे अभियंते कामात कच्चे होते असं मला मुळीच म्हणायचं नाही. भिंतीचं संकल्पचित्र काढणारे, काँक्रीट तपासणारे, दरवाजे बसवणारे आपापल्या विषयात तयार होते. पण भिंत आणि कालवा, कालवा आणि भूसंपादन, भूसंपादन आणि पुनर्वसन, धरण आणि वरच्या अंगाचं शहर, यांच्यामधल्या जागा कुणाच्याच टेबलावर नव्हत्या. वर्षं तिथे गेली, पैसा तिथे गेला. गैरव्यवहाराच्या चौकश्या झाल्या, त्या व्हायलाच हव्या होत्या. तरीही एक पैसाही कुणी खाल्ला नसता, तरी हे काम पुष्कळसं असंच रखडलं असतं, असं माझं मत आहे.

या मधल्या जागांचाच अभ्यास करणारी एक शाखा जगात आहे. तिला सिस्टिम्स इंजिनियरिंग म्हणतात, आणि तिच्या जोडीला चालते ती इंजिनियरिंग मॅनेजमेंट. विदर्भातल्या खेड्यापाड्यांतून इंजिनियर झालेल्या मुलामुलींना या दोन्हींची नावं सहसा कुणी सांगत नाही. मी पश्चिम विदर्भात इंजिनियरिंगच्या विद्यार्थ्यांना शिकवतो, म्हणून हे जवळून पाहतो. माझं म्हणणं असं, की या विषयांचं पदव्युत्तर शिक्षण विदर्भातल्या सरकारी अभियांत्रिकी महाविद्यालयांत, विदर्भाच्याच प्रश्नांवर उभं राहिलं पाहिजे, आणि त्यातल्या निम्म्या जागा आधीच नोकरीत असलेल्या अभियंत्यांसाठी असल्या पाहिजेत.

आधी हे शिक्षण आहे तरी काय, ते सांगतो. गेल्या शतकाच्या मध्याला अमेरिकेत बेल लॅबमध्ये टेलिफोनचं जाळं वाढवताना या विचाराला आकार येत गेला. पुढे क्षेपणास्त्रांच्या कामांनी आणि चांद्रमोहिमेने त्याला शिस्त दिली. मिसुरी राज्यात रोला इथल्या विद्यापीठाने १९६७मध्ये इंजिनियरिंग मॅनेजमेंटचा स्वतंत्र विभाग काढला. आपल्याकडे इस्रोचं प्रत्येक यान याच पद्धतीने घडतं, कारण तिथे इंधनाची टाकी करणारा आणि दिशा सांभाळणारी यंत्रणा करणारा एकमेकांशी बोलले नाहीत तर यान समुद्रात जातं.

यातला गाभा समजायला अवघड नाही. काम कशासाठी करायचं ते आधी नेमकं लिहायचं. ते ज्याला वापरायचं आहे त्याला विचारून लिहायचं. मग कामाचे भाग पाडायचे आणि जिथे दोन भाग एकमेकांना भेटतात त्या सांध्याची जबाबदारी कुणाची, हे पहिल्याच दिवशी ठरवायचं. प्रत्येक भाग कसा तपासणार आणि शेवटी अख्खं काम कसं तपासणार, याच्या कसोट्या बांधकाम सुरू होण्याच्या आधी कागदावर आणायच्या. बांधायचा खर्च आणि नंतर तीस-चाळीस वर्षं चालवायचा खर्च एकत्र मांडायचा. मॅनेजमेंटच्या अंगाने वेळापत्रक, करार, जोखीम, पैशाचा ओघ, मालाचा साठा, माणसांची नेमणूक हे येतं, आणि या सगळ्याला आधार म्हणून संख्याशास्त्र आणि ऑपरेशन्स रिसर्चचं, म्हणजे हाती असलेल्या साधनांत सर्वांत चांगला मार्ग काढण्याचं, गणित येतं.

गोसीखुर्दला हे लावून पाहा. 'शेवटच्या चारीवरच्या कास्तकाराच्या वावरात पाणी पोचलं' ही कसोटी १९८८मध्ये लिहिली असती, आणि पैशाचा प्रत्येक हप्ता तिच्याशी बांधला असता, तर भिंतीची उंची हे प्रगतीचं माप कधीच झालं नसतं. नागपूरच्या सांडपाण्याचा प्रश्न जलाशय भरल्यावर नव्हे, जलाशयाचा नकाशा काढतानाच पुढे आला असता.

त्याच सुमारास महाराष्ट्रात आणखी एक मोठं काम सुरू झालं होतं. कोकण रेल्वे महामंडळ १९९०मध्ये स्थापन झालं आणि ७६० किलोमीटरचा मार्ग जानेवारी १९९८मध्ये पूर्णपणे खुला झाला. सह्याद्रीतले बोगदे, नद्यांवरचे पूल, पावसाळ्यात कोसळणाऱ्या दरडी, गोव्यातला मार्गाचा वाद, हे सगळं पार करून. तुलना सरळसोट नाही, हे मान्य. रेल्वेला एक पट्टा जमीन लागते, धरण गावंच्या गावं बुडवतं, आणि धरणाखालचं कालव्यांचं जाळं हजारो शेतांतून जातं. पण ई. श्रीधरन यांच्या नेतृत्वाखाली तिथे जे घडलं ते स्थापत्यशास्त्राच्या ज्ञानापेक्षा वेगळं काहीतरी होतं. निर्णय घेणारा माणूस जागेवर होता, पैसा रोख्यांतून उभा करण्याची वाट आधी आखलेली होती, आणि एका टप्प्याचा अडथळा दुसऱ्या टप्प्याला कसा लागतो याचा हिशेब रोज होत होता. विदर्भालाही १९९७मध्ये पाटबंधारे विकास महामंडळ मिळालं. पण अशा पद्धतीने विचार करायला शिकलेली माणसं महामंडळाच्या पाटीबरोबर आपोआप येत नाहीत. ती घडवावी लागतात.

धरणाचं उदाहरण मोठं आहे म्हणून डोळ्यांत भरतं. रोजच्या जगण्यातही हेच आहे. कृषिपंपाला थ्री-फेज वीज वर्षानुवर्षं आठ-दहा तासच मिळत आली, आणि ती आलटून पालटून दिवसा आणि रात्री. रब्बीत हरभऱ्याला पाणी द्यायला शेतकरी रात्री वावरात जातो. साप, रानडुक्कर, आणि चंद्रपूर-यवतमाळच्या जंगलालगतच्या गावांत वाघ. वीज खात्याच्या दृष्टीने रात्री वीज देणं बरोबर होतं, कारण रात्री मागणी कमी असते. शेतकऱ्याच्या दृष्टीने तो जिवाचा प्रश्न होता. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेने, आधी २०१७मध्ये आणि मग २०२३पासून मोठ्या प्रमाणावर, शेतीच्या वाहिन्या सौरऊर्जेवर चालवायचं ठरवलं. सूर्य दिवसा असतो, म्हणून वीज दिवसा. कल्पना चोख आहे. पण ती प्रत्येक गावात चालायची तर उपकेंद्राची क्षमता, जवळची सरकारी किंवा ग्रामपंचायतीची जागा, वाहिनीवरच्या पंपांचा भार, ढगाळ आठवड्यात काय करायचं, आणि पाच वर्षांनी पॅनेल धुणारा व इन्व्हर्टर दुरुस्त करणारा कोण, हे सगळं एकत्र बसवावं लागतं. हे काम इलेक्ट्रिकलचं की सिव्हिलचं की महसूल खात्याचं, असा वाद घालत बसलो तर योजना कागदावर राहते.

२०१७च्या पावसाळ्याच्या अखेरीस यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसच्या आसपास शेतकरी आणि शेतमजूर गेले, शेकडो दवाखान्यात दाखल झाले. तेव्हा वर्तमानपत्रांत दोषी शोधण्याची घाई झाली. खरं तर ती एक साखळी होती. गुलाबी बोंडअळीला बीटी कपाशी पुरेनाशी झाली होती. पऱ्हाटी त्या वर्षी डोक्याच्या वर वाढली होती, त्यामुळे फवारा खाली जाण्याऐवजी तोंडावर येत होता. दोन-तीन औषधं एकत्र करून मारली जात होती, कारण काय मारायचं हे दुकानदार सांगत होता. भर उन्हात अंगभर जाड कपडे घालून कुणी फवारू शकत नाही. प्राथमिक आरोग्य केंद्राला या विषबाधेची तयारी नव्हती. यातल्या प्रत्येक कडीवर एक खातं आहे: बियाणं, कीटकनाशक परवाने, कृषी विस्तार, आरोग्य. सगळी खाती आपापल्या रकान्यात बरोबर असू शकतात आणि तरीही माणूस मरतो. वरुड-मोर्शीच्या संत्र्याचंही असंच. झाडावरून फळ उत्तम उतरतं. प्रतवारी, शीतगृह, वाहतूक आणि बांगलादेशने वाढवलेलं आयातशुल्क यांच्यामध्ये ते मातीमोल होतं.

आता या प्रश्नांच्या शेजारीच राहणाऱ्या इंजिनियर मुलांचं काय होतं ते पाहू. घाटंजी, आर्णी, मेहकर, अंजनगाव, सिंदेवाही अशा गावांतून मुलगा किंवा मुलगी कॅप राऊंडमधून, म्हणजे राज्याच्या केंद्रीय प्रवेश फेरीतून, कुठेतरी प्रवेश घेते आणि चार वर्षांनी बी.ई. किंवा बी.टेक. होते. पुढे मळलेल्या तीन वाटा आहेत. पुण्याला जाऊन आयटी कंपनीत शिरायचं, मग शाखा मेकॅनिकल असो की सिव्हिल. तालुक्याच्या अभ्यासिकेत बसून एमपीएससी द्यायची, आणि दर वर्षी जाहिरातीची वाट पाहायची. नाहीतर जवळच्या कॉलेजात एमबीए करायचं, ज्यात फायनान्स-मार्केटिंगची पुस्तकं असतात आणि जिनिंगच्या कारखान्यात एका शिफ्टला किती खंड पडतो याचा पत्ता नसतो. चौथी वाट कुणी दाखवत नाही. घरी विचारावं तर वडील म्हणतात, "इंजिनेर त झाला ना, मंग आता अजून दोन वर्षं कायले?" त्यांचा प्रश्न रास्त आहे. दोन वर्षांची कमाई बुडणार, वर फी भरायची, आणि शेवटी पदवीच्या कागदाला एक ओळ वाढणार असेल, तर कशाला? म्हणून या शिक्षणाची बाजू मांडणाऱ्याने पैशाचं आणि पुढच्या कामाचं आधी बोललं पाहिजे.

देशातल्या देशात शिकायचं तर सर्वांत स्वस्त आणि सर्वांत प्रामाणिक वाट गेटची, म्हणजे अभियंत्यांच्या पदव्युत्तर प्रवेशासाठीच्या देशपातळीवरच्या परीक्षेची आहे. गेट उत्तीर्ण होऊन एम.टेक.ला पूर्णवेळ प्रवेश मिळाला की महिन्याला १२,४०० रुपये विद्यावेतन मिळतं. खेड्यातल्या घराला हा मोठा आधार आहे. गुण तीन वर्षं चालतात, त्यामुळे परीक्षा देऊन नोकरीला लागलं तरी दार बंद होत नाही. गेटमध्ये प्रॉडक्शन अँड इंडस्ट्रियल इंजिनियरिंगचा स्वतंत्र पेपर आहे, हे मेकॅनिकलच्या कित्येक मुलांना शेवटच्या वर्षापर्यंत माहीत नसतं.

नागपूरला व्हीएनआयटी आहे. १९६०मध्ये प्रादेशिक अभियांत्रिकी महाविद्यालय म्हणून सुरू झालेली ही संस्था २००२मध्ये एनआयटी, म्हणजे राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्था झाली. तिथे इंडस्ट्रियल इंजिनियरिंगचं एम.टेक. आहे. विदर्भातल्या मुलाने पहिली नजर इथे टाकावी, असं मी सांगतो. आयआयटी खरगपूरला इंडस्ट्रियल अँड सिस्टिम्स इंजिनियरिंगचा जुना विभाग आहे. आयआयटी मुंबईत इंडस्ट्रियल इंजिनियरिंग अँड ऑपरेशन्स रिसर्च आहे, आणि त्याच आवारात सिस्टिम्स अँड कंट्रोलही आहे. हे दोन्ही सारखे समजून अर्ज करू नये. दुसऱ्यात नियंत्रणाचं खोल गणित आहे. ज्याला समीकरणांत रमायचं आहे त्याच्यासाठी ते सोनं आहे, पण ज्याला प्रकल्प चालवायचा आहे तो तिथे गुदमरेल. अभ्यासक्रमाची सत्रवार विषययादी वाचल्याशिवाय प्राधान्यक्रम भरू नये, हे मी दर वर्षी वर्गात सांगतो.

बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत अभियंत्यांसाठी दोन वर्षांचा मास्टर ऑफ मॅनेजमेंट आहे. त्याची संख्याशास्त्राची बैठक फार भक्कम आहे. मुंबईची निटी ही संस्था १९६३पासून औद्योगिक अभियांत्रिकीचं देशातलं मोठं ठिकाण होती आणि एके काळी गेटच्या गुणांवर तिचा दरवाजा उघडत असे. २०२३मध्ये तिचं आयआयएम मुंबई झालं आणि आता तिथे कॅट या व्यवस्थापनाच्या प्रवेश परीक्षेवरून एमबीएला प्रवेश मिळतो. याचं मला मनापासून वाईट वाटतं. कॅटची तयारी महानगरातल्या मुलाला सोयीची असते. इंग्रजी उताऱ्यांच्या वेगात वणीचा मुलगा मागे पडतो, आणि त्याचं अभियांत्रिकीचं ज्ञान तिथे मोजलंच जात नाही. गेटमध्ये ते मोजलं जात होतं.

एक जागा मात्र अशी आहे, जिच्याबद्दल विदर्भात गावोगाव बोललं गेलं पाहिजे. आयआयटी मुंबईत १९८५पासून ग्रामीण भागासाठी तंत्रज्ञानाचे पर्याय शोधणारं एक केंद्र आहे, त्याला सगळे सितारा म्हणतात. तिथे तंत्रज्ञान आणि विकास या विषयाचं एम.टेक. आहे. विद्यार्थ्यांना शिक्षणाचा भाग म्हणून खेड्यात राहून काम करावं लागतं. पाणीपुरवठा योजना का बंद पडली, एसटीच्या फेऱ्या गावकऱ्यांच्या कामाच्या वेळांशी का जुळत नाहीत, असे प्रश्न तिथे संशोधनाचे विषय होऊ शकतात. नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्प, ज्याला आपण पोकरा म्हणतो, त्यात गावाचा पाण्याचा ताळेबंद मांडायची पद्धत आयआयटी मुंबईच्या याच मंडळींनी बसवली. पाऊस किती पडला, वाहून किती गेला, मातीत किती मुरला, पिकाला किती लागला आणि तूट किती राहिली, हे गावागावासाठी काढायचं. पोकराच्या पहिल्या टप्प्यात बुलडाणा, अकोला, वाशिम, अमरावती, यवतमाळ आणि वर्धा हे विदर्भातले सहा जिल्हे होते. ज्या खारपाणपट्ट्यात विहिरीचं पाणी पिकाला घातलं तर जमीन खराब होते, तिथे असा ताळेबंद ही चैन नाही. सिस्टिम्स इंजिनियरिंग खेड्यात चालतं का, असं विचारणाऱ्याला माझं उत्तर हेच असतं: चाललं आहे, आपल्याच तालुक्यांत चाललं आहे. फक्त ते करणाऱ्या मुलांना शिकायला मुंबईत पवईला जावं लागलं.

परदेशाबद्दल थोडक्यात, कारण त्याची जाहिरात पुरेशी होते. ड्यूक, नॉर्थवेस्टर्न, डार्टमथ, कॉर्नेल अशा विद्यापीठांत इंजिनियरिंग मॅनेजमेंटचे अभ्यासक्रम आहेत. एमआयटीत अभियांत्रिकी आणि व्यवस्थापन या दोन विभागांनी मिळून चालवलेला सिस्टिम डिझाईनचा अभ्यासक्रम आहे, पण तो काही वर्षं काम केलेल्यांसाठी आखलेला आहे. नेदरलँड्समधल्या डेल्फ्टला गुंतागुंतीच्या सार्वजनिक व्यवस्थांवर स्वतंत्र एम.एस्सी. आहे आणि बंदर, वीज, पाणी हे तिथले विषय विदर्भाला शिकण्यासारखे आहेत. जर्मनीत बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिक्षणशुल्क नाही, पण वर्षभराच्या राहण्याच्या खर्चाचे ११,९०४ युरो आधीच खात्यात अडकवून ठेवावे लागतात आणि पदवीचे विषय जुळतात का ते काटेकोर पाहिलं जातं.

अमेरिकेच्या वाटेवर मात्र पालकांनी थांबून विचार करावा. खर्च पन्नास लाखांच्या घरात सहज जातो. शैक्षणिक कर्जाला तारण म्हणून बँका शेतजमीन सहसा घेत नाहीत. त्यामुळे दहा एकर कोरडवाहू असलेला शेतकरी खासगी वित्तसंस्थेकडे चढ्या व्याजाने जातो, किंवा वावर विकतो. त्यात सप्टेंबर २०२५मध्ये तिथे नोकरीसाठी लागणाऱ्या एच-वन-बी व्हिसाच्या नव्या अर्जांवर एक लाख डॉलरचं शुल्क लावण्याचा आदेश निघाला. तिथली नोकरी गृहीत धरून इथली जमीन विकणं मला मान्य नाही, आणि विद्यार्थ्याच्या घरी जाऊन मी ते स्पष्ट सांगतो. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे. तिच्यातून मिळत असेल तर जरूर जावं. अडचण एवढीच, की मुदत संपल्यावर ती खेड्यात कळते. यासाठी प्रत्येक महाविद्यालयात एका प्राध्यापकावर नावानिशी जबाबदारी टाकायला काय हरकत आहे?

आणखी एक गोष्ट मी ठासून सांगेन. इंजिनियरिंग मॅनेजमेंट पदवी झाल्या झाल्या शिकू नये. ज्याने कंत्राटदाराचं बिल अडलेलं पाहिलं नाही, बॉयलर बंद पडल्यावरची रात्र काढली नाही, मजूर दिवाळीला गावी गेल्यावर साईट कशी बसते ते अनुभवलं नाही, त्याला हे शिक्षण पाठांतरासारखं वाटतं. दोन-तीन वर्षं काम करावं. चंद्रपूरच्या २,९२० मेगावॅटच्या वीजकेंद्रात करावं, कोळसाखाणीत करावं, हिंगणघाटच्या एखाद्या जिनिंगमध्ये करावं, जलजीवनच्या ठेकेदाराकडे करावं. मग शिकायला यावं. आणि इथेच आपली व्यवस्था आडवी येते, कारण काम करता करता शिकण्याची चांगली सोय विदर्भात जवळपास नाहीच. बिट्स पिलानीसारख्या काही संस्था नोकरी सांभाळून एम.टेक. देतात, पण त्यांची फी मोठ्या कंपन्यांच्या कर्मचाऱ्यांना परवडणारी. जिल्हा परिषदेच्या कनिष्ठ अभियंत्याला आणि महावितरणच्या तालुका पातळीवरच्या अभियंत्याला ते दार नाही. खरं म्हणजे धरण आणि वावर यांच्यामधली जागा रोज तोच पाहतो. त्यालाच हे शिक्षण सर्वांत जास्त लागतं.

मुलींचा विचार केला तर ही मागणी आणखी तातडीची होते. माझ्या वर्गांत मुली अभ्यासात पुढे असतात. खरगपूरचं नाव निघालं की घरात चर्चा थांबते. अमरावतीचं निघालं तर सुरू राहते. घरच्यांचं मन बदलायला हवं, हे खरं, आणि त्यासाठी आम्ही बोलतोही. पण ते बदलेपर्यंत वयाची तेविशी-चोविशी निघून जाते. चांगलं शिक्षण एसटीच्या अंतरावर आणणं हे सरकारच्या हातात आहे.

यावर मला नेहमी ऐकवलं जातं, की आहेत त्याच जागा रिकाम्या राहतात, त्यात नवा अभ्यासक्रम कशाला? जागा रिकाम्या राहतात, कारण आपण त्याच त्या शाखांचं एम.टेक. प्राध्यापकाच्या नोकरीची पायरी म्हणून चालवलं, आणि प्राध्यापक भरती थांबल्यावर ती पायरी कुठेच जाईना. नव्या अभ्यासक्रमाला दुसरं टोक आधी जोडलं पाहिजे. जलसंपदा, महावितरण, जिल्हा परिषद, महापालिका यांनी आपले अभियंते पगार चालू ठेवून या दोन वर्षांच्या शिक्षणाला पाठवावेत आणि ते पुरं झाल्यावर त्यांना त्याच कामावर नेमावं. शेतकरी उत्पादक कंपन्यांचं उदाहरण घ्या. केंद्राने २०२०मध्ये दहा हजार कंपन्यांची योजना आणली, व्यवस्थापनाच्या खर्चाला तीन वर्षांसाठी १८ लाखांपर्यंत मदत ठेवली. विदर्भातही कंपन्या निघाल्या. पण सोयाबीन कधी घ्यायचं, किती साठवायचं, क्लिनिंग-ग्रेडिंगचं यंत्र दिवसाला किती तास चाललं तर हप्ता निघतो, हा हिशेब मांडणारा माणूस बहुतेकींकडे नाही. तिथे काम आहे, आणि त्या कामाला शिकलेला माणूस हवा आहे.

शिकून मुलं निघूनच जातील, हा दुसरा आक्षेप. काही जातील. समृद्धी महामार्गाचे ७०१ किलोमीटर दोन्ही दिशांना चालतात. पण खात्याने पाठवलेला, इथेच घर असलेला, पस्तिशीतला अभियंता जात नाही. म्हणूनच निम्म्या जागा नोकरीतल्यांना मागतो आहे.

तिसरा आक्षेप मला स्वतःला सर्वांत गंभीर वाटतो. चळवळीतले मित्र म्हणतात, की गावाला 'सिस्टिम' म्हणून पाहणारे लोक आले की शेतकरी आकड्यांत हरवतो, आणि शहाणपण पुन्हा मुंबईतल्या संगणकात जातं. ही भीती खरी आहे. मोठ्या योजनांत असं घडलेलं आहे. व्यवस्थेची हद्द कुठे आखायची, हा निर्णय गणिताचा नसतो. वर्षाच्या बोलीवर राबणारा सालदार, पाणी वापर संस्थेतला कालव्याच्या शेपटाकडचा शेतकरी, फवारणी करणारा मजूर यांना हद्दीच्या आत घ्यायचं की बाहेर ठेवायचं, यावर सगळं उत्तर बदलतं. म्हणून हा अभ्यासक्रम फक्त अभियंत्यांनी शिकवू नये. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठातले मृद आणि जलसंधारणाचे लोक, नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेतले शास्त्रज्ञ, वर्ध्याच्या महात्मा गांधी ग्रामीण औद्योगिकीकरण संस्थेतले लोक, आणि गावात पाण्यावर काम केलेले कार्यकर्ते शिकवायला हवेत. प्रत्येक प्रकल्पाचा अहवाल मराठीत लिहावा आणि तो ज्या गावावर आहे त्या गावच्या ग्रामसभेत वाचावा. ग्रामसभेने हरकत घेतली तर तिला उत्तर दिल्याशिवाय गुण मिळू नयेत. हा नियम कडक वाटेल, पण वापरणाऱ्याकडून काम तपासून घेणं हा या विद्याशाखेचाच पहिला धडा आहे.

यासाठी नवी इमारत लागत नाही. अमरावती आणि चंद्रपूरला सरकारी अभियांत्रिकी महाविद्यालयं आहेत. व्हीएनआयटीने गणित आणि ऑपरेशन्स रिसर्चचे तास दिले, आयआयएम नागपूरने करार आणि वित्ताचे दिले, तर बाकीचे इथले लोक उभे करू शकतात. वर्ग शनिवार-रविवारी आणि सलग पंधरवड्याच्या सत्रांत भरवले तर गडचिरोलीचा अभियंताही येऊ शकतो. पहिल्या तुकडीला वीस जागा पुरेत, दहा गेटवरून आणि दहा खात्यांकडून. पहिल्या वर्षाचे प्रकल्पही समोरच आहेत: गोसीखुर्दच्या एका वितरिकेचं शेवटचं टोक, सौर वाहिनीवर आलेला एक फीडर, वरुडचं एक संत्रा प्रतवारी केंद्र, आणि फवारणीच्या हंगामातलं यवतमाळ जिल्ह्यातलं एक प्राथमिक आरोग्य केंद्र. महाविद्यालयांनी प्रस्ताव तयार करावेत, खात्यांनी माणसं द्यायची लेखी हमी द्यावी, आणि विदर्भातल्या आमदारांनी येत्या हिवाळी अधिवेशनात, नागपुरातच, त्यासाठी तरतूद मागावी.